तबकडी बोलेना!

मुलांनो, एक प्रसंग डोळ्यांसमोर आणा.

कॅनबेरा ही ऑस्ट्रेलिया देशाची राजधानी. या शहराच्या उत्तरेकडील भागाला गुंगालिन म्हणतात. १९९० नंतर तेथे नवी वस्ती उभी राहिली. अनेक देशांतून लोक तेथे राहायला आले. भारतातूनही आले. त्यांत मराठी कुटुंबेही होती.

अशाच एका मराठी घरात, २००६ साली, साताऱ्याहून एक पाकीट आले असे समजा. पाकिटात एक चकचकीत तबकडी होती. ती होती डीव्हीडी. आजोबांच्या पंच्याहत्तरीचा समारंभ तिच्यावर मुद्रित केलेला होता. घरातल्या बायकांनी केलेले औक्षण, पाहुण्यांची गर्दी, आणि शेवटी आजोबांचे चार शब्द. गुंगालिनच्या नातवंडांना त्यांनी एकेकाचे नाव घेऊन आशीर्वाद दिला होता.

सगळी मंडळी टीव्हीसमोर जमली. बाबांनी तबकडी प्लेअरमध्ये सरकवली. ती गरगर फिरली, थांबली, पुन्हा फिरली. मग पडद्यावर सूचना आली, ‘तबकडी वाचता येत नाही.’

तबकडी सुमारे दहा हजार किलोमीटरचा प्रवास करून आली. तिच्यावर एकही ओरखडा नव्हता. तरी आजोबा काही बोलेनात! असे का झाले असेल? चला, आपण शोधून काढू या.

तबकडीवर काय असते?

डीव्हीडीचा व्यास १२ सेंटिमीटर असतो. जाडी केवळ १.२ मिलिमीटर. दोन पातळ चकत्या एकमेकींना चिकटवून ती तयार करतात.

चित्रपटाची डीव्हीडी कारखान्यात ठशाने दाबून बनवतात. तिच्यात डोळ्यांना न दिसणारे बारीक खळगे असतात. हे खळगे एका लांबच लांब वळणदार रेषेत असतात. ही रेषा मधल्या भोकाजवळ सुरू होते आणि गोल गोल फिरत कडेपर्यंत जाते. ती उलगडून सरळ केली तर किती लांब होईल? सुमारे १२ किलोमीटर! गुंगालिनपासून कॅनबेराच्या मध्यभागापर्यंत २०१९ साली ट्राम सुरू झाली. तिचा मार्गही १२ किलोमीटरचाच आहे. एवढी वाट तळहाताएवढ्या तबकडीवर मावलेली असते.

प्लेअरमध्ये लाल रंगाचा लेसर किरण असतो. तो या रेषेवर पडतो आणि परत फिरतो. कोठे जास्त प्रकाश परततो, कोठे कमी. या फरकावरून प्लेअर चित्र आणि आवाज ओळखतो.

घरी किंवा स्टुडिओत भरायच्या तबकड्या वेगळ्या असतात. त्यांच्यात खळगे नसतात. ‘आर’ प्रकारच्या तबकडीत एका रंगद्रव्याचा थर असतो. रेकॉर्डरचा तीव्र किरण त्या थरावर काळपट ठिपके पाडतो. ते पुसता येत नाहीत. हे शाईने कागदावर लिहिण्यासारखे झाले. ‘आर डब्ल्यू’ प्रकारात धातूंच्या मिश्रणाचा थर असतो. त्यावरचे पुसून पुन्हा लिहिता येते. ही झाली आपली पाटी!

एक तबकडी, दोन रीती

कोऱ्या तबकडीवर कसे लिहायचे, याबद्दल सर्व कंपन्यांचे एकमत झाले नाही. जपानच्या पायोनियर कंपनीने १९९७ मध्ये ‘डीव्हीडी-आर’ आणली. मधल्या आडव्या रेषेला लोक ‘मायनस’ म्हणू लागले. काही कंपन्यांनी वेगळा गट केला. त्यांत फिलिप्स आणि सोनी या कंपन्या होत्या. या गटाच्या ‘प्लस’ तबकड्या २००१ पासून बाजारात येऊ लागल्या.

दोन्ही तबकड्या दिसायला सारख्याच. आकार एक आणि साठवणही एक, ४.७ गिगाबाइट. पण लिहिताना रेकॉर्डरला वाट दाखवणाऱ्या खुणा वेगवेगळ्या. त्यामुळे फक्त मायनस जाणणारा रेकॉर्डर प्लस तबकडीवर लिहू शकत नसे.

हे आपल्या मराठीसारखेच आहे. पूर्वी पुष्कळसे दप्तर मोडी लिपीत लिहीत. भाषा मराठीच असे. पण फक्त बालबोध लिपी शिकलेल्याला त्यातले एक अक्षरही लागत नाही. मजकूर असतो, पण वाचणारा अडतो.

पुढे दोन्ही रीतींवर लिहिणारे रेकॉर्डर निघाले. तोवर लोकांना दुकानात विचारावे लागे, “ही तबकडी माझ्या यंत्रात चालेल ना?”

दोष कोणाचा?

आता गुंगालिनच्या घरात परत जाऊ. घरातल्या ताईने एकेक कारण तपासायचे ठरवले.

पहिली शंका होती प्रकाशाची. एक थर असलेल्या चित्रपटाच्या डीव्हीडीवर किरण पडला, की शंभरातला निदान ४५ भाग प्रकाश परत फिरतो. आर डब्ल्यू तबकडीवरून फक्त १८ ते ३० भाग परततो. काही जुने प्लेअर एवढ्या मंद प्रकाशाने गोंधळत. पण ताईने तबकडीवरचे नाव वाचले. ती होती डीव्हीडी-आर. तिच्यावरून चित्रपटाच्या तबकडीइतकाच प्रकाश परततो. म्हणजे हे कारण नव्हे.

दुसरी शंका होती देशाची. तेव्हा टीव्हीवर चित्र दाखवण्याच्या रीती देशोदेशी निराळ्या होत्या. अमेरिकेची रीत एनटीएससी. भारताची पाल. पण ऑस्ट्रेलियाचीही पालच! शिवाय चित्रपटांच्या डीव्हीडीवर प्रदेशाचा क्रमांक घालत. भारताचा क्रमांक ५ आणि ऑस्ट्रेलियाचा ४. त्यामुळे भारतात घेतलेला चित्रपट तिकडच्या काही प्लेअरमध्ये चालत नसे. परंतु स्टुडिओत भरलेल्या घरगुती तबकडीवर असा क्रमांक नसतो. म्हणजे हेही कारण नव्हे.

मग राहिले काय? ताईने साताऱ्याला फोन लावला. काकांनी स्टुडिओत चौकशी केली आणि उलगडा झाला. तबकडी ‘बंद’ करायची राहून गेली होती!

तबकडी बंद करणे म्हणजे काय? एका वहीची कल्पना करा. वहीत धडे लिहिले, पण अनुक्रमणिका लिहिली नाही. शेवटी ‘समाप्त’ असेही लिहिले नाही. ज्याने वही लिहिली त्याला ती समजेल. परका मात्र गोंधळेल. तबकडीचेही तसेच असते. चित्रण झाल्यावर रेकॉर्डरला एक शेवटची आज्ञा द्यावी लागते. तिला ‘फायनलाइज’ म्हणतात. मग रेकॉर्डर तबकडीच्या आतल्या बाजूला सूची लिहितो आणि मुद्रण संपते तेथे शेवटची खूण करतो. या दोन गोष्टी असल्या, की दुसरा प्लेअर तबकडी ओळखू शकतो.

तबकडी पुन्हा साताऱ्याला गेली. स्टुडिओतल्या त्याच रेकॉर्डरने काही मिनिटांत काम पुरे केले. महिन्याभराने पाकीट परत आले. तबकडी फिरली. पडद्यावर आजोबा दिसले. त्यांनी चष्मा सारखा केला आणि धाकट्याचे नाव घेतले. गुंगालिनच्या घरात सगळे एकदम गप्प झाले.

आपण काय करावे?

मुलांनो, आज पुष्कळ घरांत डीव्हीडी प्लेअर राहिलेला नाही. तबकड्या मात्र कपाटात पडून आहेत. तबकडी शाबूत असली, तरी ती वाचणारे यंत्र नसेल तर आतला आवाज मुकाच राहतो.

कॅनबेरा शहरातच नॅशनल फिल्म अँड साउंड आर्काइव्ह ही संस्था आहे. ती ऑस्ट्रेलियातील जुने चित्रपट व आवाज जतन करते. २०१५ साली या संस्थेने एक इशारा दिला. चुंबकीय फितींवरील चित्रण व आवाज २०२५ पर्यंत संगणकावर उतरवून घ्या, नाहीतर त्यांतील बहुतेक गमावून बसाल, असे तिने सांगितले. कारण फिती खराब होत होत्या आणि त्या वाजवणारी यंत्रेही नाहीशी होत होती. मोठ्या संस्थेची ही अडचण. मग आपल्या घरच्या तबकड्यांचे काय?

तबकडी नेहमी कडेला धरावी. तिच्या चकाकत्या बाजूला बोटे लावू नयेत. पुसायची झाल्यास मऊ कापडाने मधून कडेकडे पुसावी. उन्हात ठेवू नये. आणि सर्वांत महत्त्वाचे, ती वाचणारे यंत्र मिळते आहे तोवर तिची नक्कल संगणकावर करून घ्यावी. एक नव्हे, दोन नकला कराव्यात व त्या वेगवेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात.

तुमच्याही घरातल्या कपाटात एखादी तबकडी असेल. तिच्यात कोणाचा आवाज आहे, हे आजच आईबाबांना विचारा.

शब्दार्थ

मुद्रित करणे – चित्र किंवा आवाज नोंदवून ठेवणे.
व्यास – वर्तुळाच्या मध्यातून जाणारी, कडेपासून कडेपर्यंतची लांबी.
अनुक्रमणिका – पुस्तकातील धड्यांची क्रमवार यादी.
शाबूत – न बिघडलेली.
नक्कल – हुबेहूब प्रत.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) डीव्हीडीवरील रेषा कोठून सुरू होते?
(आ) भारत व ऑस्ट्रेलिया या देशांची टीव्हीची कोणती रीत सारखी होती?

२. कारणे लिहा.
(अ) ‘आर डब्ल्यू’ तबकडी काही जुन्या प्लेअरना वाचता येत नसे.
(आ) साताऱ्याहून आलेली तबकडी गुंगालिनमध्ये चालली नाही.

३. तबकडी ‘बंद’ करणे म्हणजे काय, ते वहीचे उदाहरण देऊन सांगा.

४. उपक्रम : घरातील जुन्या तबकड्या, कॅसेटी व फिती यांची यादी करा. प्रत्येकीवर काय आहे आणि ती वाचणारे यंत्र कोणाकडे आहे, हे मोठ्यांना विचारून यादीत लिहा.