अद्भुत राज्य आणि कोरी पाटी

‘आता सारे पुन्हा पहिल्यापासून सुरू करावे,’ असे आयुष्यात एकदाही ज्याच्या मनात आले नाही असा मनुष्य विरळाच. परीक्षेत नापास झालेल्या मुलाला तसे वाटते, व्यापारात बुडालेल्या गृहस्थाला वाटते, आणि घरातले माणूस गेल्यावर ज्याचा दिवस सरत नाही त्यालाही वाटते. जुनी पाटी पुसून टाकावी व नवी अक्षरे गिरवावीत, अशी ही इच्छा. एखादा सामान्य माणूस जादूच्या राज्यात जाऊन नवे आयुष्य आरंभतो, अशा ज्या कादंबऱ्या आहेत त्या याच इच्छेवर पोसलेल्या असतात. त्यांना पोरखेळ म्हणून बाजूला सारणे बरे नव्हे. ही इच्छा खरोखरच पुरी झाली तर माणसाचे काय होईल, हा प्रश्न पोरखेळाचा नाही. एका जर्मन कादंबरीत त्याचा मोठा कसून विचार केलेला आहे.

मिखाएल एंडे (१९२९–१९९५) हा तिचा लेखक. त्याचे वडील एडगार एंडे हे स्वप्नसृष्टी रंगविणारे चित्रकार होते, आणि नाझी राजवटीत त्यांना चित्रे प्रदर्शित करण्याची बंदी झाली होती. ‘कधीही न संपणारी गोष्ट’ अशा अर्थाच्या नावाची ही कादंबरी १९७९ साली प्रसिद्ध झाली. तिची छपाईही आगळी : माणसांच्या जगातील मजकूर तांबड्या शाईत, अद्भुत राज्यातील हिरव्या. प्रकरणे २६, आणि त्यांचा आरंभ वर्णमालेतील एकेका अक्षराने क्रमवार होतो.

बास्टियान हा तिचा नायक. लठ्ठ, भित्रा, वर्गात मागे पडलेला मुलगा. आई वारलेली. वडील दातांच्या कवळ्या तयार करणारे. बायको गेल्यापासून ते मुलाशी धड बोलत नाहीत. एके दिवशी छळणाऱ्या मुलांपासून पळता पळता तो एका जुन्या पुस्तकांच्या दुकानात शिरतो, तेथून एक पुस्तक चोरतो आणि शाळेच्या माळ्यावर लपून वाचू लागतो. पुस्तकातील राज्य हळूहळू शून्यात विरत चालले आहे. तेथील सम्राज्ञीला माणसाने नवे नाव दिले तरच ते वाचावयाचे. बास्टियान नाव देतो आणि त्या राज्यात जाऊन पोहोचतो. १९८४ साली या कादंबरीवर जो चित्रपट निघाला तो साधारण येथवरच येतो. कादंबरीचा मात्र निम्मा भाग अजून शिल्लक असतो, आणि तिचे मर्म त्याच भागात आहे.

उरलेल्या वाळूच्या एका कणातून बास्टियान ते राज्य नव्याने उभे करतो. त्याच्या गळ्यात एक पदक आहे. मनात येईल ते कर, अशी त्यावर आज्ञा आहे. तो सौंदर्य मागतो, बळ मागतो, धैर्य मागतो, आणि सारे मिळते. पण प्रत्येक इच्छेबरोबर मागील आयुष्याची एक आठवण नाहीशी होते. देखणा होताच आपण लठ्ठ होतो हे तो विसरतो. म्हणजे सौदा तर झाला, पण किंमत काय दिली हेच ध्यानात राहत नाही. आत्रेयू नावाचा मित्र त्याला सावध करतो. एक मांत्रिक स्त्री त्याची स्तुती करते. स्तुती गोड लागते. शेवटी तो स्वतःच सम्राट व्हावयास निघतो आणि लढाईत त्याच मित्रावर तलवार चालवितो.

त्यानंतर तो एका विलक्षण नगरात येतो. तेथे त्याच्यासारखीच पूर्वी आलेली माणसे राहतात. कोणी सम्राट झाले, कोणी शेवटची आठवणही खर्चून बसले. आता ती वेड्यासारखी फिरतात. काही जण अक्षरांचे फासे नुसतेच टाकीत बसतात. त्यांना परत का जाता येत नाही? कारण परत जाण्याची इच्छाच त्यांना होऊ शकत नाही. ज्याला काही आठवत नाही त्याला हवेसेही काही वाटत नाही, असे एंडे येथे दाखवितो. आपल्या ययातीने मुलाचे तारुण्य घेऊन नवा आरंभ केला. त्याची वासना शमली नाही, पण निदान ते कळण्याइतके भान त्याला उरले. या नगरातील माणसांना तेवढेही उरलेले नाही. कोरी पाटी म्हणतात ती हीच.

बास्टियान थोडक्यात बचावतो. सम्राट होण्याची हाव सरून आपल्याला कोणावर तरी प्रेम करता यावे, एवढीच इच्छा त्याला उरते. त्या इच्छेपायी आईवडिलांची आठवणही जाते. मग एका अंधाऱ्या खाणीत, विसरलेल्या स्वप्नांच्या चित्रांमध्ये, हातात कवळी घेतलेला एक माणूस बर्फात गोठलेला त्याला दिसतो. तो कोण हे त्याला आठवत नाही. पण त्याची ओढ लागते, आणि तीच त्याला घरी आणते. तो वडिलांना सारी हकीकत सांगतो, आणि त्या अबोल माणसाच्या डोळ्यांत पाणी येते. चोरीची कबुली देण्यास तो दुकानदाराकडेही आपण होऊन जातो.

अद्भुत वाङ्मय वाचकाला संसारापासून पळावयास शिकविते, असा आक्षेप एंडेवरही घेतला गेला. त्याचे उत्तर कादंबरीतच आहे. बास्टियान जातो तेव्हा पळूनच जातो. पण त्याचा नवा आरंभ तेथे होत नाही. तो होतो परत आल्यावर, त्याच घरात, त्याच दुःखी वडिलांसमोर. नव्याने सुरुवात करू इच्छिणाऱ्याने पाटी जरूर हाती घ्यावी. मात्र जुनी अक्षरे पुसण्यापूर्वी त्यांत कोणाचे नाव आहे, हे एकदा पाहावे.