पाऊण एकराचा निम्मा वाटा

गुणाकार शिकताना मुलाच्या मनात एक गोष्ट पक्की बसते : गुणले की संख्या वाढते. पाच चोक वीस, वीस पंचे शंभर. पुढे अपूर्णांकांच्या धड्यात अर्धा गुणिले पाऊण याचे उत्तर तीन अष्टमांश येते, आणि ते पाऊणाहून लहान पाहून मूल गोंधळते. नियम पाठ केला तर गणित सुटते, पण गोंधळ काही जात नाही.

तो घालवायला शेताकडे चला. पाऊण एकर जमीन दोघा भावांत सारखी वाटायची आहे. प्रत्येकाला मिळेल पाऊण एकराचा अर्धा भाग. 'एकराचा' यातला हा जो 'चा' आहे ना, तोच इथे गुणाकार.

आता एक कागद घ्या. हा आपला एक एकर. उभ्या घड्या घालून चार सारखे पट्टे करा व तीन रंगवा. ही झाली पाऊण एकर. मग मधोमध आडवी घडी घाला, कागद उलगडा आणि घरे मोजा. एकूण आठ; वरच्या अर्ध्यात रंगवलेली तीन. म्हणून ३/८. प्रत्येक पट्ट्याचे दोन तुकडे झाले, म्हणून छेदाला छेदाने गुणले. रंगीत पट्ट्यांतून एकेक तुकडा घेतला, म्हणून अंशाला अंशाने. भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या 'लीलावती'त हाच नियम आहे.

पडताळा पाहू. एकराचे गुंठे ४०. पाऊण एकर म्हणजे ३०, त्याचे निम्मे १५. चाळिसाचे ३/८ देखील १५च!

एका भावाच्या तीन मुलांत त्याचा वाटा पडला, तर प्रत्येकाला १/३ × ३/८, म्हणजे १/८ एकर : पाच गुंठे.

मात्र दीड गुणिले अडीच करा : ३/२ × ५/२ = १५/४, म्हणजे पावणेचार. इथे संख्या वाढली. एकाहून मोठ्याने गुणले तर वाढते, लहानाने गुणले तर घटते, एवढेच.

जुन्या पिढीची पावकी, निमकी, पाऊणकी, दिडकी हेच शिकवीत होती. गुरुजींनो, नियम फळ्यावर लिहिण्याआधी मुलांच्या हाती कागद द्या. उद्या वाटणीच्या कागदावर सही करताना आपला वाटा त्यांना स्वतःला मोजता आला पाहिजे.