प्रवाहीकृत थरातील कणांचे यांत्रिक वर्तन

उभ्या नळकांड्यात सच्छिद्र तबकडीवर वाळूचा थर पसरून खालून हवा सोडली, तर प्रथम ती कणांमधील पोकळ्यांतून निघून जाते. वेग वाढवीत नेला की थराच्या तळ व माथा यांमधील दाबाचा फरकही वाढतो. हा फरक थराच्या एकक क्षेत्रफळावरील वजनाइतका झाला, म्हणजे कण परस्परांवर भार टाकीनासे होतात. या वेगास किमान प्रवाहीकरण-वेग म्हणतात. वाळूची घनता दर घनमीटरला २,६५० किलोग्रॅम व पोकळीचे प्रमाण ०.४ धरल्यास एक मीटर उंचीच्या थरासाठी हा फरक सुमारे १५,६०० पास्कल येतो. यापुढे वेग वाढविला तरी तो फारसा वाढत नाही. थरातून बुडबुडे उठू लागतात. जड वस्तू त्यात बुडते, हलकी तरंगते.

या साम्यामुळे थरास द्रवच मानण्याचा मोह होतो. परंतु वरील विवेचनात कणांचे वजन आणि हवेचा रेटा एवढ्याच बलांचा हिशेब आहे. कणाकणांमधील आकर्षणाचा नाही. कणाचा व्यास निम्मा केला असता वजन एक-अष्टमांश होते. व्हॅन डर वाल्स आकर्षण मात्र स्थूलमानाने व्यासाच्या प्रमाणात असल्याने निम्मेच होते. अर्थात वजनाच्या तुलनेने ते चौपट प्रबळ ठरते.

गेल्डार्ट यांनी १९७३ साली केलेल्या वर्गीकरणाचे मर्म येथे कळते. सुमारे ३० मायक्रॉनपेक्षा बारीक, पिठासारखी पूड चिकटून राहते. हवा तीत चर पाडून निसटते. त्याहून किंचित मोठे, हलके कण बुडबुड्यांविना आधी फुगतात. वाळूत बुडबुडे प्रारंभीच उठतात. अतिशय मोठ्या वा जड कणांचा गट चौथा होय.

हा भेद केवळ शास्त्रीय नव्हे. अमेरिकेतील बॅटन रूज येथे १९४२ साली खनिज तेलाच्या भंजनासाठी प्रवाही उत्प्रेरकाचा पहिला व्यापारी कारखाना सुरू झाला. अशा कारखान्यांत दुसऱ्या गटातील उत्प्रेरक दोन पात्रांमधून द्रवासारखा फिरत राहतो. नळात हवा अपुरी पडली, की कण पुन्हा परस्परांवर टेकतात, घर्षण प्रभावी होते आणि प्रवाह अडखळतो.

म्हणून केवळ समीकरणाने काढलेल्या किमान वेगावर विसंबणे इष्ट नाही. दाबाचा फरक प्रत्यक्ष मोजावा. तो थराच्या वजनाशी जुळत नसून बराच कमी भरला, तर काही कण अद्याप तबकडीवर वा भिंतीवरच विसावले आहेत, असे समजावे.