लॉगॅरिदमचे रसायनशास्त्रातील उपयोजन : वडीगोद्री परिसरातील जमिनीच्या सामूच्या संदर्भात

प्रस्तावना :
जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यातील वडीगोद्री हे गाव गोदावरीच्या खोऱ्यात वसलेले आहे. या पट्ट्यातील काळ्या जमिनीत चुनखडीचे प्रमाण बरेच आढळते. ऊस, कापूस व मोसंबी ही येथील महत्त्वाची पिके होत. केंद्र शासनाने २०१५ मध्ये सुरू केलेल्या मृदा आरोग्य पत्रिकेत ज्या बारा घटकांची नोंद असते, त्यांपैकी एक सामू होय. एका शेताचा सामू ७.५ व दुसऱ्याचा ८.४ आला, तर हा फरक किरकोळ वाटतो. वस्तुतः तो तसा नाही. कारण सामू ही लॉगॅरिदमची मोजपट्टी आहे.

संकल्पना :
दहाचा जो घात केला असता दिलेली संख्या मिळते, तो घातांक म्हणजे त्या संख्येचा दहा पाया असलेला लॉगॅरिदम. १०० चा लॉग २, १००० चा ३ आणि २ चा ०.३०१० येतो. जॉन नेपियर यांनी १६१४ मध्ये ही कल्पना प्रसिद्ध केली. हेन्री ब्रिग्ज यांनी ती दहाच्या पायावर आणली. गुणाकाराचे रूपांतर बेरजेत होत असल्याने किचकट आकडेमोड सोपी झाली. आपल्याकडे विद्यार्थी लॉग टेबलकडे केवळ आकडेमोडीचे साधन म्हणून पाहतात आणि त्यामागील अर्थ मात्र बाजूला राहतो, ही खरी उणीव होय.

सामू व लॉगॅरिदम :
डेन्मार्कचे रसायनशास्त्रज्ञ सॉरेन्सन यांनी १९०९ मध्ये सामूची मोजपट्टी मांडली. हायड्रोजन आयनांच्या संहतीचा लॉग घेऊन त्याचे चिन्ह बदलले की सामू मिळतो. संहती प्रतिलिटर २ × १०⁻⁸ मोल असल्यास सामू ८ – ०.३०१ म्हणजे ७.७ येतो. म्हणून वरील दोन शेतांतील ०.९ या फरकाचा अँटीलॉग घ्यावा लागतो. तो ७.९४ आहे, म्हणजे दुसऱ्या शेतात हायड्रोजन आयन सुमारे आठ पटींनी कमी आहेत.

लोहाच्या बाबतीत परिणाम याहून तीव्र होतो. फेरिक हायड्रॉक्साइडपासून सुटणाऱ्या फेरिक आयनांची संहती हायड्रोजन आयनांच्या संहतीच्या तिसऱ्या घाताशी समप्रमाणात असते. लॉगच्या भाषेत ०.९ ला ३ ने गुणायचे, येतात २.७ आणि त्याचा अँटीलॉग सुमारे ५००. जमिनीत लोह भरपूर असूनही ते मुळांना मिळत नाही, मोसंबीची कोवळी पाने पिवळी पडतात व शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. अशा चुनखडीयुक्त जमिनीत टाकलेले फेरस सल्फेटही बहुतांशी अद्राव्य होऊन बसते. या कारणास्तव ते पानांवर फवारणे अधिक उपयुक्त ठरते.

सरासरी व मापन :
सामू ७ व ९ असलेल्या दोन द्रावणांतील हायड्रोजन आयनांची सरासरी संहती काढल्यास तिचा सामू ८ नव्हे, तर ७.३ येतो. लॉगची सरासरी आणि सरासरीचा लॉग या भिन्न गोष्टी आहेत. प्रयोगशाळेतील सामूमापकही याच तत्त्वावर चालतो : २५ अंश सेल्सिअस तापमानाला सामू एका एककाने बदलला की काचेच्या इलेक्ट्रोडचे विभव सुमारे ५९ मिलिव्होल्टने बदलते. वाचन केवळ ०.१ ने चुकले तरी संहतीत १.२६ पटींची चूक होते. यास्तव मातीचा नमुना तपासण्यापूर्वी ज्ञात सामूच्या बफर द्रावणांनी मापक जुळवून घ्यावा लागतो.