अंधारी आली? आधी एक डोळा झाका!

१२ जानेवारी १९२४. येरवडा जेलमधल्या एका कैद्याचं ससून हॉस्पिटलमध्ये अपेंडिक्सचं ऑपरेशन रंगात आलंय आणि... लाइट गुल! कर्नल मॅडॉक यांनी ते पूर्ण केलं कंदिलाच्या उजेडात. पेशंट होते महात्मा गांधी! पण बत्ती विजेची न जाता डोळ्यांचीच गेली तर?

तशी ती रोजच जाते, माहीत आहे का? मिनिटाला १५-२० वेळा आपली पापणी मिटते. मेंदू ती गॅप इतकी बेमालूम भरतो की पत्ताच लागत नाही.

येरवड्याच्या डोक्यावरून लोहगावची सुखोई लढाऊ विमानं गरजत जातात ना? जोरदार वळणावर पायलटचं रक्त पायांकडे ओढलं जातं. आधी रंग उडतात, मग बोगदा, मग काळोख! गंमत म्हणजे, तेव्हाही त्याला रेडिओ ऐकू येत असतो. डोळ्याच्या आत स्वतःचं प्रेशर असतं, म्हणून रक्त कमी पडलं की मेंदूआधी डोळा हार मानतो.

पलंगावरून ताडकन उठलात की हाच शो घरी, तिकीट फ्री! उपास, ऊन, बीपीच्या गोळ्या यांनी तो हाउसफुल होतो. दहा सेकंद बसा, मग उठा.

रात्री कुशीवर पडून मोबाइल बघताय? उशीत दबलेला डोळा अंधाराला सरावतो, दुसरा स्क्रीनला. फोन ठेवला की दुसरा चक्क 'आंधळा'! २०१६ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये अशा दोघींची केस छापून आली. काही मिनिटांत सगळं ओके.

चमचमती नागमोडी रेघ पसरत गेली आणि अर्ध्या तासात विरली? बहुधा मायग्रेन. वाकताच दोन-चार सेकंद अंधारतंय? डोक्यातलं प्रेशर वाढलेलं असू शकतं, डॉक्टरांना दाखवा.

आता मात्र स्क्रोल थांबवा. एकाच डोळ्यावर पडदा उतरला आणि पाच मिनिटांत वर गेला, तर याचं नाव अमॉरोसिस फ्युगॅक्स, म्हणजे पळती अंधारी. मानेच्या धमनीतल्या चरबीचा कण सुटतो, डोळ्याच्या रक्तनळीत अडकतो, पुढे सरकतो. दिसायला लागलं की माणूस चहा पिऊन कामाला लागतो, आणि घात तिथेच होतो. ही लकव्याची आगाऊ नोटीस असते! पन्नाशीनंतर सोबत कानशील ठणकत असेल, चावताना जबडा दुखत असेल, तर धमनीला सूज असू शकते. उशीर झाला तर नजर कायमची जाते.

म्हणून अंधारी आली की एक डोळा झाका, मग दुसरा. कुठल्या डोळ्याला, किती मिनिटं, हे लक्षात ठेवा. पडदा एकाच डोळ्यावर असेल, किंवा जीभ अडखळली, हात लुळा पडला, तर स्वतः गाडी काढू नका. १०८ फिरवा, त्याच दिवशी, लगेच!