मोडीत देण्याआधी

घर नवं करायचं ठरलं की जुन्या वस्तूंचा प्रश्न येतोच. आजेसासूबाईंचा तांब्याचा हंडा, माहेरून आलेली लाकडी पेटी, पितळी डबे. यातलं ठेवायचं काय आणि मोडीत द्यायचं काय? हा प्रश्न फक्त आपल्याच गावांत पडतो असं नाही. आज आम्ही तुम्हाला फ्रान्सच्या खेड्यांतल्या जुन्या घरांबद्दल सांगणार आहोत.

फ्रान्सच्या उत्तरेकडे नॉर्मंडी हा भाग आहे. दूधदुभतं आणि सफरचंदाच्या बागा यांसाठी तो प्रसिद्ध. तिथं लग्नात मुलीला ओक लाकडाचं मोठं कपाट द्यायची पद्धत होती. त्याला ‘आर्म्वार’ म्हणतात. त्यावर कबुतरांची जोडी, फुलांच्या परड्या, गव्हाच्या ओंब्या कोरलेल्या असत. ते लाकडी खुंट्यांनी जोडलेलं असे. त्यामुळे सुटं करून गाडीतून सासरी नेता येई आणि तिथं पुन्हा उभं करता येई. आत नवरीच्या चादरी आणि रुमाल. त्यांवर तिच्या नावाची अक्षरं भरलेली, बऱ्याचदा लाल दोऱ्यानं. आपण लग्नाच्या भांड्यांवर नाव घालतो, तसंच हे. ‘ही वस्तू हिची’ असं सांगणारी खूण.

त्या खुणेला अर्थ होता. फ्रान्समध्ये १८०४ सालच्या नेपोलियनच्या कायद्यानं मुलाला आणि मुलीला आईवडिलांच्या मालमत्तेत सारखा वाटा दिला. पण लग्न झालं की बाईचे व्यवहार नवऱ्याच्या हातात जात. नवऱ्याच्या परवानगीशिवाय नोकरी धरण्याचा आणि स्वतःच्या नावानं बँकेत खातं उघडण्याचा हक्क तिथल्या विवाहित बाईला मिळाला तो थेट १९६५ साली.

त्याच सुमाराला खेड्यापाड्यांत नळाचं पाणी, गॅसची शेगडी आणि फॉर्मायकाचं टेबल पोचत होतं. जुनं लाकडी टेबल घासून घासून धुवावं लागे. फॉर्मायका फडक्यानं पुसला की झालं. मग व्यापारी दारात आले. नवं चकचकीत टेबल द्यायचे आणि जुनं ओकचं घेऊन जायचे. तेच टेबल पुढं शहरात ‘पुरातन वस्तू’ म्हणून भारी किमतीला विकलं जाई. आपल्याकडे स्टील आलं तेव्हा तांब्या-पितळेची भांडी अशीच वजनावर गेली. बायकांनी सोय पाहिली, यात वावगं काही नाही. कल्हईचा आणि घासण्याचा त्रास वाचला. पण आपल्या वस्तूचं मोल ठाऊक नसताना ती दिली, की फायदा घेणाऱ्याचा होतो.

जुनं आणि नवं एकमेकांचे वैरी नाहीत, हे एका बाईनं छान दाखवलं. तिचं नाव शार्लोत पेरियाँ. जन्म १९०३ सालचा, वडील शिंपी आणि आईही शिवणकाम करणारी. १९२७ साली ती प्रसिद्ध वास्तुरचनाकार ल कॉर्बुझिए यांच्याकडे काम मागायला गेली. इथं कुणी उशांवर भरतकाम करत नाही, असं म्हणून त्यांनी तिला परत पाठवलं. काही दिवसांनी प्रदर्शनात तिचं काम पाहिलं आणि स्वतःच तिला बोलावून घेतलं. तिनं लोखंडी नळ्यांच्या अगदी आधुनिक खुर्च्या घडवल्या. पुढं ती वळली ती खेड्यातल्या वस्तूंकडे. गवत विणून केलेल्या बैठकीच्या खुर्च्या, मेंढपाळांचं बुटकं स्टूल, यांवरून तिनं नव्या वस्तू घडवल्या. खेड्यातल्या साध्या स्टुलात जे शहाणपण होतं, ते तिनं ओळखलं.

ल कॉर्बुझिए यांनीच पुढं आपलं चंडीगड शहर आखलं. त्यांचे चुलतभाऊ पिएर जानरे यांनी तिथल्या कचेऱ्यांसाठी सागवान आणि वेताच्या खुर्च्या करवून घेतल्या. मोडक्या झाल्यावर त्या भंगारात निघाल्या. परदेशी व्यापाऱ्यांनी त्या स्वस्तात घेतल्या, दुरुस्त केल्या आणि लाखो रुपयांना विकल्या.

पण जुनं म्हणजे हमखास महागडं, असंही नाही. नॉर्मंडीच्या त्या थोरल्या कपाटांना आज पूर्वीइतका भाव नाही, कारण नव्या घरांत ती मावत नाहीत. मग घरातली माणसं ती वापरतात कशी? एका खोलीत एकच मोठी जुनी वस्तू ठेवतात. भोवतीच्या भिंती साध्या, दिवा नवा, खुर्च्या हलक्या. कपाटात आता चादरींऐवजी ताटवाट्या किंवा मुलांची पुस्तकं. लांब जुन्या टेबलाभोवती नव्या खुर्च्या.

काही गोष्टी मात्र जपाव्या लागतात. लाकडाला बारीक भोकं असतील आणि खाली ताजा भुसा पडत असेल, तर कीड अजून जिवंत आहे. आधी तिचा बंदोबस्त, मग वस्तू घरात. तांब्याचं भांडं इंडक्शनच्या शेगडीवर तापत नाही. बुडाला लोहचुंबक चिकटला तरच भांडं चालतं. आणि दगडी भिंत चुन्यात बांधलेली असेल तर तिला सिमेंटचा गिलावा नको. चुन्यातून ओल बाहेर निघून जाते, सिमेंटखाली ती कोंडते आणि भिंत आतून खराब होते. फ्रान्समध्ये जुनी घरं दुरुस्त करणारे पुन्हा चुन्याकडे वळले ते याचसाठी. आपल्या जुन्या वाड्यांनाही हे लागू आहे.

तेव्हा मैत्रिणींनो, मोडीत देण्याआधी तीन प्रश्न विचारा. ही वस्तू कुणाची? तिच्यावर जिचं नाव आहे, तिला विचारलं का? दुसरं, तिचं मोल आपण दोन-तीन ठिकाणी विचारलं का? आणि तिसरं, तिचा आज दुसरा काही उपयोग होईल का? गटाच्या पुढच्या बैठकीत प्रत्येकीनं आपल्या घरातल्या एका जुन्या वस्तूबद्दल बोलावं. तिन्ही उत्तरं मिळाल्यावर द्यावीशी वाटली, तर खुशाल द्या. पण पैसे त्या बाईच्या हातात पडू द्या.