ज्वलनाच्या एन्थॅल्पीचे मापन : घरगुती इंधनवायूंच्या संदर्भात

१९९५ मध्ये स्थापन झालेल्या महानगर गॅस कंपनीचा पाइप गॅस आज कांदिवलीतील अनेक घरांत पोहोचला आहे. सिलिंडरऐवजी पाइप गॅस घेताना शेगडीचे जेट बदलावे लागतात. याचे मुख्य कारण ज्वलनाच्या एन्थॅल्पीत आढळते.

पाइप गॅसचा प्रमुख घटक मिथेन होय. बॉम्ब कॅलरीमापीत त्याचे ज्वलन केल्यास, पाण्याची तापमानवाढ व उपकरणाची उष्माधारकता यांवरून दर मोलला सुमारे ८८५ किलोज्यूल उष्णता मिळते. मात्र हे मापन स्थिर आकारमानाचे असते. शेगडीतील ज्वलन स्थिर दाबाखाली होते. २९८ केल्विन तापमानास, पाणी द्रवरूप धरल्यास, वायूंचे मोल दोनने घटतात. त्यामुळे सुमारे ५ किलोज्यूलची भर पडून एन्थॅल्पीबदल −८९० किलोज्यूल येतो.

सिलिंडरमधील प्रोपेन व ब्यूटेन यांच्यासाठी तो अनुक्रमे −२२२० व −२८७८ आहे. दर किलोग्रॅमला मिथेन सुमारे ५५.५, तर हे दोन्ही वायू सुमारे ५० मेगाज्यूल देतात. समान आकारमानास मात्र मिथेनची उष्णता त्यांच्या निम्म्याहूनही कमी भरते. म्हणून जेटचे छिद्र मोठे लागते.

तेव्हा अध्यापनात एन्थॅल्पीचे मूल्य देताना एकक, मापनाची स्थिती आणि पाण्याची अवस्था यांचा उल्लेख अगत्याने व्हावा. अन्यथा विद्यार्थ्याच्या हाती केवळ पाठांतर उरते.